चढणीचा मासा, उतरणीचा मासा

खाडीत पाणी फिरायच्या वेळी थोडा काळ असा येतो, की काहीच हलत नाही. सुकती संपलेली असते आणि भरती अजून लागलेली नसते. तिवरांच्या मुळांवर चिखलाची ओली रेघ दिसते, निवटे तेवढे सरपटत असतात. मामा अशा वेळी दोरा तर्जनीवर घेऊन बसायचा आणि माझ्याकडं न बघता म्हणायचा, "आता बोलू नको. पाणी फिरतंय."

मग तो आवाज यायचा. रिकामा डबा पालथा धरून पाण्यात दाबावा आणि हवा एकदम सुटावी, तसा काहीसा. तिवरांच्या सावलीत जिताड्यानं बोईट गिळलेलं असायचं. मासा दिसायचा नाही, पाण्यावर एक वर्तुळ दिसायचं. मी आठ वर्षांचा असताना तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही तो ऐकला की पाठीचा कणा ताठ होतो.

माझं आजोळ सावित्रीच्या खाडीवर, आंबेतच्या अलीकडं. आत्या दिलेली तिकडं वर, बिरवाडीच्याही पुढं, रायगडाच्या पाठीमागच्या डोंगरांतून येणाऱ्या काळ नदीच्या काठी. काळ सावित्रीला मिळते, सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, म्हणजे आजोळ आणि आत्येचं घर ही एकाच पाण्याची दोन टोकं. मे महिन्याची सुट्टी या दोन घरांत वाटली जायची. खाली जिताडा होता, वर खडस होता. गरवण्याचं वेड मला या दोन टोकांनी लावलं, आणि या दोन माशांची तुलना मी तेव्हापासून करत आलो आहे.

खडस म्हणजे महासीर. गळ टाकणाऱ्या लोकांत या दोघांवरून वाद सुरू झाला की रात्र सरते. गोड्या पाण्यातले लोक महासीरचं नाव घेतल्यावर आवाज खाली आणतात, देवाचं नाव घ्यावं तसं. खाडीतले लोक जिताड्याबद्दल बोलताना हात पसरून लांबी दाखवतात. कुठला जास्त झुंजतो, कुठला जास्त हुशार, कुठल्यासाठी रजा टाकून चारशे किलोमीटर जावं. हा वाद मला कधी पोरकट वाटलेला नाही. माणूस एखाद्या जिवाकडं वर्षानुवर्षं इतक्या बारकाईनं बघतो, तेव्हा त्याला त्या जिवाबद्दल काही तरी खरं कळलेलं असतं, आणि वाद त्या खऱ्यावरूनच होतो.

आधी झुंजीचंच सांगतो.

खडस आमिष घेतो तो चालत्या पाण्यात. खडकाच्या आडोशाला, धारेच्या कडेला तो उभा असतो. एक टोचा बसतो, कधी तर दोरा नुसता थरथरतो, आणि पुढच्या श्वासात रीळ ओरडायला लागतं. तो खाली पळतो, प्रवाहाच्या दिशेनं, एका दमात. नदीचं सगळं बळ त्याच्या अंगात आल्यासारखं वाटतं, आणि ते खरंही असतं, कारण तो पाण्याला विरोध करत नाही, पाणी वापरतो. शंभर मीटर दोरा जातो, दीडशे जातो. पहिल्या त्या धावेत त्याला रोखायला जाणारा माणूस दोरा तोडून घेतो. म्हणून खडसासाठी रिळावर भरपूर दोरा हवा आणि हातात सोडून देण्याची तयारी हवी. धाव संपली की तो तळाला जाऊन एखाद्या शिळेमागं दडी मारतो. मग नुसतं वजन लागतं, जणू गरी नदीच्या तळालाच अडकली. तिथं अर्धा तास जाऊ शकतो. उडी तो सहसा मारत नाही.

जिताड्याचं उलट. त्याची सगळी ताकद पहिल्या दोन-तीन सेकंदांत. तो राहतो तिवरांच्या मुळांत, जुन्या धक्क्याच्या खांबांत, बुडालेल्या होडीच्या सांगाड्याजवळ, आणि आमिष घेतल्याबरोबर घराकडं वळतो. तिथं त्याला दोरा देऊन चालत नाही. दोन हात दोरा दिला की मुळीभोवती फेरा पडलाच. त्याला जागच्या जागी अडवावं लागतं, आणि अडवलं की तो पाण्याबाहेर येतो. अख्खा मासा बाहेर, कल्ले फाकलेले, तोंड उघडं, मान डावी-उजवी झटकत. त्या झटक्यात गरी सुटते. सुटली नाही तर ओठांचा खरखरीतपणा दोरा घासत राहतो. कल्ल्याची कड तर पात्यासारखी. मामाच्या उजव्या अंगठ्यावर पांढरा वण होता, तो जिताड्याच्या कल्ल्याचा. म्हणून जिताड्यासाठी दोऱ्याच्या टोकाला हातभर तरी जाड, न घासणारा दोरा बांधायचा, आणि मनगट तयार ठेवायचं.

एक मासा सोडायला शिकवतो, दुसरा धरायला. मला दोन्ही शिकायला फार वर्षं लागली. खाडीत वाढलेला माझा हात नदीवर पहिल्यांदा गेला तेव्हा मी खडसाला जिताड्यासारखं रोखायला गेलो आणि नवीकोरी काठी मधोमध मोडली.

तोंडंही बघण्यासारखी आहेत. जिताड्याचा जबडा डोळ्याच्याही मागं जातो. तो चावत नाही, तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. तो डबा दाबल्यासारखा आवाज तिथून येतो. अंधारात त्याच्यावर बत्ती मारली तर डोळे गुलाबी-सोनेरी पेटतात. खडसाच्या तोंडात एकही दात नाही. जाड मांसल ओठ, ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या, शांत म्हाताऱ्यासारखा चेहरा. त्याचे दात आहेत घशात. खेकडा असो, शिंपला असो, तो आत जातो आणि घशात चुरा होतो. कच्च्या लोखंडाच्या गऱ्या त्यानं सरळ केलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय तो काय खात नाही? काठावरच्या झाडाचं पडलेलं फळ, शेवाळ, किडे, लहान मासे. जिताडा पक्का शिकारी, मासे आणि कोलंबीवर जगणारा. त्यामुळं जिताड्याला फसवायला नुसती हालचाल पुरते, रंगवलेल्या लाकडाच्या तुकड्यालाही तो येतो, पण तो तुकडा जखमी बोइटासारखा पळाला पाहिजे. खडसाला फसवायचं तर ऋतू ओळखावा लागतो. नदीकाठचा उंबर पिकलाय का, हे बघावं लागतं.

वेळेचा हिशोबही वेगळा. खाडीत घड्याळ चंद्राचं. अमावास्या-पुनवेच्या उधाणात पाणी जोरात धावतं, भांगाच्या दिवसांत मरगळतं. जिताडा सुकतीला ओहोळांच्या तोंडाशी येऊन थांबतो, कारण तिवरांत शिरलेली लहान मासळी पाण्याबरोबर त्या चिंचोळ्या वाटेनंच बाहेर येणार. मामाला तिथी पंचांगाशिवाय कळायची, पाय चिखलात किती रुततो यावरून. नदीवर चंद्राला कोण विचारतो? तिथं पाण्याचा रंग, डोंगरात पडलेली सर, आणि काठावर आपली सावली कुठं पडते हे महत्त्वाचं. महाडच्या आसपास तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. सावित्रीत मगरी आहेत, आणि संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहण्याचा मोह तिथं आवरलेला बरा.

आत्येकडं मात्र गरी नव्हती.

काळ नदीवर वाळण गावापाशी एक कोंड आहे. वाळणकोंड. काठावर वरदायिनी देवी. त्या डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आतोबांनी मला तिथं पहिल्यांदा नेलं. खिशात मामानं दिलेली गरी होती, काडेपेटीत घालून आणलेली. आतोबांनी कुरमुऱ्यांची पुडी सोडली आणि मूठभर पाण्यावर टाकले. आधी बोटाएवढी पिल्लं आली. मग वीतभर लांबीचे. मग खालून, काळ्या पाण्यातून, एक सावली वर चढली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता माझ्या हाताहून लांब, मोठ्या खवल्यांचे, तांबूस-सोनेरी कुशीचे मासे अगदी पायाशी येऊन तोंडं वासू लागले. माझा हात खिशाकडं गेला असणार. आतोबा म्हणाले, "ती काडेपेटी माझ्याकडं द्या बरं." मला ते लहानपणीही अहो-जाहो करायचे. मी दिली. घरी परतल्यावर त्यांनी ती परत केली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

असे डोह एकटे नाहीत. वैतरणेवर वाड्याजवळ तिळसेश्वरापाशी आहे, इंद्रायणीवर देहूला आहे, तिकडं तुंगेच्या काठी शृंगेरीला आहे. सरकारनं अभयारण्यं आखण्याच्या कितीतरी आधी लोकांनी नदीचे असे तुकडे देवाच्या नावानं राखून ठेवले, आणि त्यांत राखला गेला तो बहुतेक ठिकाणी हाच मासा. जिताड्याच्या वाट्याला असं देऊळ आलेलं मला माहीत नाही. तो जेवणाचा मासा. आमच्याकडं पाहुणा मोठा की लहान, हे त्याच्या ताटात जिताड्याचं डोकं पडतं की नाही यावरून ठरायचं. मामी डोक्याचं कालवण करायची, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, नारळ अगदी थोडा. बाकीच्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर. जिताड्याच्या मांसाला स्वतःची गोडी असते, तिच्यावर मसाल्याचं ओझं टाकणाऱ्या माणसाला मामी स्वयंपाकघरात उभं करत नसे. उत्तरेला अलिबाग-पेणच्या खारेपाटात तर लोक खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून घरच्या तळ्यांत सोडतात आणि दोन-चार वर्षं वाढवतात. जावई यायचा असला की तळ्यात जाळं पडतं.

एक देवाचा आणि एक ताटातला, असं माझ्या मनात तेव्हा सरळ होतं. पुढं ते तसं राहिलं नाही, आणि त्याला कारण झाला कावेरीवरचा एक मासा.

२००९च्या फेब्रुवारीत मी कर्नाटकात भीमेश्वरीला गेलो. तेव्हा तिथं गळानं महासीर धरून परत सोडायची रीत होती. जगभरातून माणसं त्यासाठी यायची. या मुलखातल्या माशांची ख्याती जुनी. कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १९४६ साली व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थानं काठीवर धरलेला महासीर १२० पौंडांचा होता, म्हणजे चोपन्न किलोंच्या वर. तो आकडा आम्ही लहानपणी मंत्रासारखा म्हणायचो. भीमेश्वरीला आमिष म्हणून नाचणीचा गोळा. उकडून, मळून, लिंबाएवढा वळून गरीवर चढवायचा. आमच्याकडं जे भाकरीत जातं ते तिथं गरीला लागलेलं बघून मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासा लागला. या वेळी मी हात सैल सोडला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली. माझ्याबरोबरच्या वाटाड्यानं, जन्मभर त्या नदीवर काढलेल्या म्हाताऱ्या माणसानं, कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांत धरलं. आठ-नऊ किलोंचा असेल. पर निळसर करडे. मी आनंदानं थरथरत होतो. म्हातारा मात्र माशाकडं बघून म्हणाला, "ये नीला वाला बाहर का है साब. असली कुबडवाला अब कम दिखता है."

बाहेरचा म्हणजे कुठला, ते मला परतल्यावर समजलं. बाहेरचा म्हणजे आमचा.

त्याचं असं झालं. दख्खनच्या या महासीरला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३९ साली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्याचं वर्णन लिहिलं आणि लोकांच्या तोंडचा शब्दच त्याला चिकटवला, खुद्री. आज बंडगार्डनच्या पुलावरून नाकाला रुमाल लावून जाणाऱ्याला सांगावं लागेल, की जगातल्या एका नामांकित माशाचं नामकरण या पाण्यात झालं. पुढं धरणं आली, नद्या तुटल्या, खडस कमी होत गेला. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं हे काम. पावसाळ्यात भरलेल्या मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, नराचं रेत त्यांत मिसळायचं, आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती पसरायची. खडसाची अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात, हेही याच मंडळींनी करून दाखवलं. तळाला खड्यांत पडून राहणारी टपोरी अंडी ती, त्यांना ओल पुरते. ज्या माशाची जात संपेल अशी धास्ती होती, तो या तबकांतून लाखांनी वाढला. किती चिकाटीचं, किती मायेचं काम! मी तिथं जाऊन ती बोटभर पिल्लं पाहिली आहेत आणि माझा घसा दाटून आला होता.

या पिल्लांतली काही देशभरच्या नद्यांत गेली, त्यांत कावेरीतही गेली. आणि कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, तो १२० पौंडांचे आकडे गाठणारा. आमचा खडस तिथं रुजला, वाढला, आणि कुबडवाला मागं पडत गेला. ज्या सोडून दिलेल्या माशांच्या नोंदी आम्ही छावणीच्या वहीत हौसेनं करत होतो, तशाच एका छावणीच्या, गालिबोरेच्या, १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या नोंदी पुढं अभ्यासकांनी तपासल्या. सहा हजारांहून जास्त मासे. निळ्या परांचे वाढत गेलेले, कुबडाचे घटत गेलेले. तोवर त्या कुबडवाल्याला नक्की शास्त्रीय नावसुद्धा लागलेलं नव्हतं. २०१८ साली ते ठरलं, आणि त्याच वर्षी जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आमचा खडस त्याच वर्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

मी किती दूर गेलो होतो, आणि धरला तो वळवणच्या वंशातला मासा! माझ्या आत्येच्या कोंडातला नातलग. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद का नव्हता ते कळलं, आणि मला त्याची क्षमा मागावीशी वाटली. लोणावळ्याच्या त्या लोकांना मी दोष देत नाही. जीव वाचवायच्या तळमळीनं त्यांनी ते केलं, आणि तेव्हा नदीतल्या जातींची एवढी फोड कुणालाच नव्हती. पण नदीला आपली आपली माणसं असावीत तसे आपले आपले मासे असतात, हे मला त्या दिवसापासून विसरता आलेलं नाही. एका पाण्यात पूजनीय असलेला मासा दुसऱ्या पाण्यात उपरा ठरतो.

जिताड्याबद्दलही मला असंच उशिरा कळलं.

मृग लागायच्या सुमारास मामानं एकदा अकरा किलोंचा जिताडा आणला होता. मामीनं तो चिरला तेव्हा आतून गाबोळीच्या दोन लांबलचक पिवळ्या लगड्या निघाल्या. त्या वर्षी ती गाबोळी तळून शेजारच्या चार घरांत गेली. मी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. पुढं कित्येक वर्षांनी वाचलं, की जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो, चार-सहा वर्षं नर म्हणून जगतो आणि मग मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या. हात पसरून आम्ही जी लांबी दाखवत होतो, ती आयांची लांबी होती. एकेका मादीच्या पोटात लाखोंनी अंडी, मोठीत तर त्याहून जास्त. मोहरीहूनही बारीक, पाण्यावर तरंगणारी, दिवसभराच्या आत फुटणारी. मामाच्या त्या एका माशात किती खाडी होती, याचा मी अजून हिशोब करतो.

ऑस्ट्रेलियात जिताड्याला बॅरामुंडी म्हणतात आणि त्याच्यामागं अख्खा देश वेडा आहे. क्वीन्सलँड प्रांतात ५८ सेंटिमीटरच्या आतला आणि १२० सेंटिमीटरच्या वरचा मासा ठेवता येत नाही. लहान सोडायचा हे कुणालाही सुचतं. मोठा सोडायचा, हे सुचायला मासा आतून कळावा लागतो. मी माझ्यापुरती मर्यादा घातली आहे. हातभर लांबीच्या वरचा जिताडा मी घरी आणत नाही, आणि मृगापासून नारळी पुनवेपर्यंत खाडीत गरी टाकत नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, खाडीतल्या दोऱ्याला तिथं कुणी विचारत नाही, पण मासा तेव्हाच भरलेला असतो. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आधी कुणी सांगितलं नाय." त्या तीन-चार शब्दांत जो पश्चात्ताप होता तो मला सोसला नाही.

अंडी घालायला मात्र हे दोघे एकाच वेळी निघतात. पहिला मोठा पाऊस पडला की खडस वर निघतो. लोक चढणीचे मासे म्हणतात त्यांतला तो सर्वांत दणकट. गढूळ पाण्यावर चढत, धबधब्यांच्या पायऱ्यांवर अंग झोकत, तो वरच्या निवळ, खडेरी झऱ्यांकडं जातो. त्याच पावसाचं गोडं पाणी सावित्रीतून खाली आलं की जिताडा उलटा निघतो, गोड्या आणि मचूळ पाण्यातून खाली, बाणकोटच्या तोंडाकडं, कारण त्याच्या अंड्यांना खारं पाणी लागतं. पिल्लं मग भरतीबरोबर तिवरांत, खाजणांत, पुढं गोड्या ओढ्यांपर्यंत वर येतात. एक डोंगराकडं तोंड करून, एक समुद्राकडं. पाऊस तोच. वरच्याच्या वाटेत बंधारे उभे राहिले, खालच्याच्या वाटेत खारबंदिस्तीच्या उघाड्या आल्या, तिवरं तुटली, मधल्या पट्ट्यात कारखान्यांचं पाणी आलं. दोघांचं दुखणं एकच आहे, नदी सलग राहिलेली नाही.

दासगाव बंदरात पूर्वी आगबोट लागायची. १९२७च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी समुद्रमार्गे आले ते याच खाडीतून, दासगावला उतरले. आज त्या धक्क्यावर उभं राहिलं की इतकं पाणी इथं होतं यावर विश्वास बसायला जड जातं. भरतीचं पाणी इथून वर महाडकडं सरकतं आणि काळ-सावित्रीचं पाणी खाली येतं. मी अनेकदा तिथं थांबून विचार करतो, की एखाद्या मोठ्या पुरात वाळणकोंडाखालचा एखादा खडस वाहत इथवर येत असेल, आणि गोड्या पाण्याची चव घेत एखादं जिताड्याचं पोर इथवर चढत असेल. दोघं एकमेकांना बघत असतील का?

गेल्या दिवाळीनंतर मामाला मी वाळणला घेऊन गेलो. ऐंशीच्या पुढं आहे, गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू. जन्म गेला खाडीवर, पण नदीचं हे टोक त्यानं पाहिलं नव्हतं. आतोबा आता नाहीत. त्यांच्या सुनेनं कुरमुऱ्यांची पिशवी दिली. पायऱ्यांवर मामाला बसवलं, त्यानं चप्पल काढून पाय पाण्यात सोडले आणि मूठ उघडली.

पिल्लं आली. मग मोठे आले. मामा वाकून बघत राहिला. एका थोराड खडसानं त्याच्या पायाच्या बोटांना ओठ लावले तेव्हा त्यानं पाय मागं घेतला नाही.

"दात नाय ह्याला," तो म्हणाला.

"घशात आहेत."

"घशात?" त्यानं मान हलवली. हात पाण्यात घातला, आणि पन्नास-साठ वर्षं ज्या हातानं दोरा ओढला त्या हाताच्या तळव्यावर कुरमुरे ठेवून तो थांबला. पांढरा वण पाण्यात आणखी पांढरा दिसत होता. मासे येत होते, तळवा चाचपून जात होते. कितीतरी वेळ गेला. पिशवी संपली तरी त्यानं हात तसाच धरला होता.

मग तो उठायला लागला. मी खांद्याचा आधार दिला. वरच्या पायरीवर थांबून त्यानं एकवार मागं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "आज तिथी कुठली रे? खाली पाणी किती वाजता फिरंल?"

"साडेचारला," मी म्हणालो.

"मग चल. जाऊन बसू नुसते."